सफर बेटांची, काळजी ताटाची

हवाई बेटांवरच्या पारंपरिक जेवणाचा पाया म्हणजे अळू. अळूवडीसाठी आपण ज्याची पाने आणतो आणि ज्याचे कंद अळकुड्या म्हणून मंडईत मिळतात, तीच ही वनस्पती. शास्त्रीय नाव कोलोकेशिया एस्क्युलेंटा. हवाईच्या भाषेत तिला ‘कालो’ म्हणतात. महाराष्ट्रात अळूचे फदफदे सणासुदीला किंवा लग्नाच्या पंगतीत होते. हवाईत कालोच्या कंदापासून केलेली ‘पोई’ शतकानुशतके रोजचे अन्न होती, आपल्याकडे भात किंवा भाकरी असते तशी.

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, आई-वडील सहा महिन्यांसाठी तिकडे गेलेले आणि नातवंडांना सुटी, असा योग जुळला की अनेक मराठी कुटुंबे हवाईच्या क्रूझचा विचार करतात. सामानाची बांधाबांध एकदाच, रोज सकाळी नवे बंदर, आजी-आजोबांना विश्रांती आणि मुलांना पोहण्याचा तलाव. सोय खरीच मोठी असते. पण नियोजनाचा सगळा वेळ खोल्या, तिकिटे आणि बंदरांच्या यादीत जातो. सात ते पंधरा दिवस घरातल्या मधुमेही, रक्तदाब असलेल्या, शाकाहारी, गर्भवती आणि पाच वर्षांच्या माणसाने काय खायचे, हा प्रश्न जहाजावरच्या पहिल्या बुफेसमोर उभे राहिल्यावर पडतो. हवाईच्या बाबतीत तो आधीच सोडवणे हिताचे. या बेटांचा खाद्येतिहास हा आरोग्याचाही इतिहास आहे आणि त्यातून प्रवाशाला शिकण्यासारखे बरेच काही आहे.

दोन प्रकारच्या सफरी

हवाईच्या क्रूझचे मुख्यतः दोन प्रकार. पहिल्यात विमानाने होनोलुलु गाठायचे आणि तिथून सात रात्रींची बेटांची फेरी करायची. माउई बेटावरचे काहुलुई, मोठ्या बेटावरची हिलो आणि कोना, कवाई बेटावरचे नाविलीविली ही तिच्यातली नेहमीची बंदरे. दुसऱ्यात लॉस एंजेलिस, सॅन दिएगो किंवा सॅन फ्रान्सिस्कोहून निघून जवळपास पंधरा-सोळा दिवसांनी परत यायचे. यात जाताना आणि येताना प्रत्येकी चार ते पाच दिवस फक्त समुद्र असतो. अमेरिकेच्या १८८६ च्या कायद्यामुळे परदेशी ध्वजाच्या जहाजाला केवळ अमेरिकी बंदरांमध्ये फेरी करता येत नाही. म्हणून ही जहाजे मेक्सिकोतल्या एन्सेनाडासारख्या बंदराला थांबतात. भारतीय पारपत्र असणाऱ्यांनी आपला अमेरिकी व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा आहे का, हे त्यामुळे आधी पाहावे.

आरोग्याच्या दृष्टीने दोन्हींत फरक आहे. सात रात्रींच्या सफरीत जवळपास रोज जमीन लागते, म्हणजे दवाखानाही आवाक्यात असतो. लांबच्या सफरीत किनाऱ्यापासून हजार-दीड हजार किलोमीटरवर असताना मदत फक्त जहाजाच्या डॉक्टरची. अलीकडेच अँजिओप्लास्टी झालेल्या, डायलिसिसवर असलेल्या किंवा गर्भारपणाचे महिने बरेच भरलेल्या व्यक्तीसाठी हा फरक निर्णायक ठरू शकतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना आणि गर्भारपणाचे चोवीस आठवडे पार केलेल्या स्त्रियांना बहुतेक क्रूझ कंपन्या जहाजावर घेत नाहीत. लांब समुद्रप्रवासात बाळाच्या वयाची अट आणखी वरची असते. आरक्षणाआधी हे नियम वाचावेत.

होड्यांतून आलेला स्वयंपाक

साधारण हजार ते बाराशे सालाच्या सुमारास पॉलिनेशियन दर्यावर्दी दुहेरी होड्यांतून हवाईला पोचले. बेटांवर खाण्याजोग्या वनस्पती फारच थोड्या होत्या. म्हणून त्यांनी येतानाच सुमारे दोन डझन वनस्पतींची रोपे, कंद आणि फांद्या आणल्या. सोबत डुकरे, कुत्री आणि कोंबड्याही होत्या. या वनस्पतींची यादी कोकणातल्या माणसाला ओळखीची वाटेल : कालो म्हणजे अळू, उलु म्हणजे नीरफणस, निउ म्हणजे नारळ, माइआ म्हणजे केळ, को म्हणजे ऊस आणि ओलेना म्हणजे चक्क हळद. उआला म्हणजे रताळे. ते मूळचे दक्षिण अमेरिकेचे, पण युरोपीय जहाजे यायच्या आधीच पॉलिनेशियात पोचले होते.

कालोला हवाईच्या परंपरेत वडील भावाचा मान आहे. कथा अशी, की आकाशपिता वाकेआचे पहिले मूल मृत जन्मले. ते जिथे पुरले तिथे कालोचे रोप उगवले. दुसरे मूल म्हणजे हालोआ, हवाईच्या माणसांचा पूर्वज. म्हणजे शेतातले कालो हे थोरले भावंड. त्याची निगा माणसाने राखायची आणि त्याने माणसाला पोसायचे. कालोच्या मूळ कंदाभोवती जे फुटवे येतात त्यांना ‘ओहा’ म्हणतात. कुटुंबासाठीचा ‘ओहाना’ हा शब्द त्यावरूनच आल्याचे सांगतात. पोईचे भांडे उघडे असेपर्यंत घरात वाद घालायचा नाही, असाही संकेत आहे.

मात्र सगळ्या कुटुंबाने एकत्र बसून जेवणे ही तिथली तुलनेने नवी गोष्ट आहे. जुन्या ‘कापू’ नियमांनुसार स्त्री-पुरुषांचे जेवण वेगळे होई, स्वयंपाक पुरुष करत आणि दोघांच्या भट्ट्याही वेगळ्या असत. स्त्रियांना डुकराचे मांस, नारळ आणि केळ्यांच्या बहुतेक जाती वर्ज्य होत्या. १८१९ मध्ये पहिला कामेहामेहा राजा वारल्यावर राणी काआहुमानू आणि राणी केओपुओलानी यांच्या आग्रहावरून तरुण राजा लिहोलिहो स्त्रियांच्या पंगतीला जाऊन जेवला. त्या एका जेवणाने कापूची व्यवस्था कोसळली. आज पर्यटक ज्या ‘लुआउ’ मेजवानीची तिकिटे काढतात, त्या सामाईक पंगतीची वाट तिथून खुली झाली. लुआउ हा शब्दही मूळचा अळूच्या पानाचाच.

पोईचे विज्ञान

अळू खाजते हे आपल्याला ठाऊक असते. त्याच्या पेशींमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते जीभ-घशाला टोचतात. आपल्याकडे चिंच, कोकम किंवा आंबट चुका घालून अळू शिजवतात. हवाईत कंद आणि पाने दोन्ही बराच वेळ, कधी काही तास, वाफवतात. शिजलेला कंद लाकडी पाटावर दगडी बत्त्याने कुटला, की घट्ट ‘पाइ आइ’ तयार होते. त्यात पाणी मिसळले की पोई. किती बोटांनी ती उचलता येते त्यावरून तिचा दाटपणा ठरतो : एक बोट, दोन बोटे, तीन बोटे.

ताजी पोई किंचित गोडसर असते. एक-दोन दिवस ठेवली की लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू तिला आंबवतात, ताक किंवा आंबील आंबते तसेच. आम्लता वाढल्याने इतर जंतूंची वाढ रोखली जाते. फ्रिज नसलेल्या काळात उष्ण हवेत अन्न टिकवण्याची ही युक्ती होती. कालोच्या स्टार्चचे कण अतिशय बारीक असल्याने पोई पचायला हलकी असते. म्हणूनच तिथे ती तान्ह्या बाळांना वरचे अन्न म्हणून आणि आजाऱ्यांना दिली जाते.

पाटा आणि बत्ता वापरून हाताने कुटलेली पाइ आइ विकणे आधुनिक आरोग्य नियमांत बसत नव्हते. २०११ मध्ये हवाईच्या विधिमंडळाने कायदा करून, काही अटींवर, या जुन्या पद्धतीला वाट करून दिली. परंपरा आणि अन्नसुरक्षा यांची सांगड घालण्याचे ते चांगले उदाहरण आहे.

आकड्यांत सांगायचे तर १०० ग्रॅम शिजवलेल्या कालोत सुमारे १४० कॅलरी आणि ५ ग्रॅम तंतू असतात. पोटॅशियमही भरपूर असते. पोईत पाणी मिसळलेले असल्याने कॅलरी सुमारे ११० वर येतात, पण तंतू अर्ध्या ग्रॅमच्याही खाली जातात. मधुमेह असलेल्यांनी हे लक्षात ठेवावे. कालोच्या वाफवलेल्या फोडी मिळाल्या तर पोईपेक्षा त्या बऱ्या. दोन्हींपैकी काहीही घेतले तरी ते भात-पावाच्या ऐवजी घ्यायचे, त्यांच्या जोडीला नाही.

ताट बदलले, तब्येत बदलली

१७७८ मध्ये कॅप्टन जेम्स कुकची जहाजे हवाईला लागली. त्यानंतर आलेल्या जहाजांनी गोवर, देवी, डांग्या खोकला, इन्फ्लुएंझा असे बेटांना अनोळखी असलेले आजार आणले. कापू मोडणारा राजा लिहोलिहो आणि त्याची राणी कामामालू हे १८२४ मध्ये लंडनच्या भेटीत गोवरानेच दगावले. कुकच्या वेळी बेटांवर किमान तीन लाख माणसे असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात. काहींचे अंदाज याच्या दुपटीहून जास्त आहेत. १८९० च्या जनगणनेत मिश्र वंशाचे धरूनही मूळ हवाईयन सुमारे ४० हजारच उरले होते.

माणसे कमी झाली, तशी शेतीही बदलली. उसाच्या मळ्यांसाठी डोंगरातले ओढे कालव्यांनी वळवले गेले आणि वाहत्या पाण्यावर जगणारी कालोची खाचरे कोरडी पडली. हवाईच्या भाषेत पाणी म्हणजे ‘वाई’ आणि संपत्ती म्हणजे ‘वाईवाई’, यावरून पाण्याचे मोल कळावे. मळ्यांत राबायला चीन, जपान, पोर्तुगाल, कोरिया, फिलिपिन्सहून मजूर आले. त्यांच्या डब्यांच्या देवाणघेवाणीतून आजचे ‘लोकल फूड’ तयार झाले. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या शिध्यातून डबाबंद ‘स्पॅम’ मांस रुजले. आता बेटांवरचे सर्वांत लोकप्रिय जेवण म्हणजे ‘प्लेट लंच’ : पांढऱ्या भाताचे दोन गोळे, मेयोनीजमधले मॅकरोनी सॅलड आणि मांसाचा मोठा तुकडा. राज्यात खाल्ले जाणारे सुमारे ८५ ते ९० टक्के अन्न बाहेरून येते आणि कालोची शेती काहीशे एकरांवर उरली आहे.

याचा परिणाम तब्येतीवर दिसला. मूळ हवाईयन लोकांमध्ये स्थूलता, मधुमेह आणि हृदयविकाराचे प्रमाण राज्यातल्या इतर अनेक समूहांपेक्षा जास्त आहे. हे बदललेल्या ताटामुळे असेल, तर जुने ताट परत दिल्यावर काय होईल? ओआहू बेटावरच्या वाइआनाए भागात डॉ. टेरी शिंतानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रयोग केला. वीस मूळ हवाईयन व्यक्तींना २१ दिवस पारंपरिक आहार दिला : कालो आणि पोई, रताळी, नीरफणस, पालेभाज्या, समुद्रशैवाल, फळे, बेताचे मासे व कोंबडी. पोटभर खायची मुभा होती. बंधन फक्त पदार्थांचे होते. या आहारातल्या उष्मांकांपैकी ७८ टक्के गुंतागुंतीच्या कर्बोदकांतून आणि केवळ ७ टक्के स्निग्धांशांतून येत होते.

१९९१ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष लक्षवेधी होते. पोटभर खाऊनही रोजच्या कॅलरी ४१ टक्क्यांनी घटल्या. वजन सरासरी ७.८ किलोने उतरले, कोलेस्टेरॉल १४ टक्क्यांनी कमी झाले आणि रक्तदाबाचा वरचा आकडा सरासरी ११.५ ने खाली आला. प्रयोग छोटा होता, तीन आठवड्यांचा होता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे त्यातून फार मोठे दावे करता येत नाहीत. पण कंद, पाने आणि मासे यांचे साधे ताट भूक भागवते आणि जास्त खाण्याला आपोआप आळा घालते, एवढे त्यातून दिसते. भारतीय लोकांना तुलनेने कमी वजनावरही मधुमेह गाठतो. भाकरी मागे सारून मैदा, साखर आणि तेल जवळ केलेल्या आपल्या घरांना ही गोष्ट परकी वाटू नये.

लुआउच्या मेजावर

जहाजावर किंवा किनाऱ्यावर लुआउला गेल्यावर पोईची छोटी वाटी समोर येते. बहुतेक पर्यटक एक चमचा चाखून ‘बेचव’ म्हणून ती बाजूला सारतात. नुसती भाकरी खाऊन जेवणाचे मत बनवावे, तसे ते होते. पोई खारट, चमचमीत पदार्थांबरोबर घासाघासाने खायची असते.

मेजावर मधोमध ‘कालुआ’ डुक्कर असते. जमिनीतल्या खड्ड्यात ज्वालामुखीचे दगड तापवून, केळीचे खुंट आणि टीची पाने पसरून, मातीने झाकून ते कित्येक तास वाफवतात. या भट्टीला ‘इमू’ म्हणतात. मांस मऊ होते, पण त्यात मीठ भरपूर असते. ‘लाउलाउ’ म्हणजे अळूच्या पानांत गुंडाळून वाफवलेले मांस किंवा मासा. ‘लोमी सामन’ खारवलेल्या माशाचे असते. तिन्ही पदार्थ एकाच ताटात घेतले, तर रक्तदाबाच्या रुग्णाची दिवसभराची मिठाची मर्यादा तिथेच ओलांडली जाऊ शकते. अशांनी एकच पदार्थ निवडावा आणि उरलेले ताट पोई, रताळे व फळांनी भरावे.

शाकाहारी कुटुंबांनी नावावरून अंदाज बांधू नये. ‘लुआउ’ नावाची अळूची भाजी नारळाच्या दुधातली असली तरी तिच्यात बहुधा माकूल किंवा कोंबडी असते. भात-नूडल्समध्येही माशाचा रस असू शकतो. खात्रीचे पदार्थ म्हणजे पोई, वाफवलेली जांभळी रताळी, नीरफणस, ताजी फळे, नारळाच्या दुधाची ‘हाउपिया’ वडी आणि कालो-नारळाचा ‘कुलोलो’. कुलोलो आणि हाउपिया गोड आहेत, हे मधुमेहींनी विसरू नये. शाकाहारी, जैन किंवा कमी मिठाचे जेवण हवे असेल तर आरक्षण करतानाच लेखी कळवावे आणि पहिल्या संध्याकाळी भोजनगृहाच्या प्रमुखाला भेटून आठवण करून द्यावी. ज्यांना ऑक्झलेटचे मुतखडे होतात त्यांनी अळूच्या पानांचे पदार्थ चवीपुरतेच घ्यावेत आणि पाणी भरपूर प्यावे.

कच्च्या माशाचा ‘पोके’ हा हवाईचा अभिमानाचा पदार्थ. ट्यूनाचे तुकडे, मीठ, समुद्रशैवाल आणि भाजलेल्या कुकुई बियांची पूड हे त्याचे जुने रूप. सोया सॉस आणि तिळाचे तेल जपानी स्वयंपाकातून आले. निरोगी प्रौढांनी खप असलेल्या दुकानातून, बर्फावर ठेवलेला पोके घेऊन लगेच खावा. गर्भवती, लहान मुले, वयोवृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी कच्चा मासा टाळावा. ‘आही’ या नावाखाली मिळणाऱ्या दोन ट्यूनांपैकी बिगआय जातीत पारा जास्त असतो, म्हणून गर्भवतींनी तो शिजवलेलाही टाळलेला बरा.

माशांबाबत आणखी दोन गोष्टी. ट्यूना किंवा माहीमाही उन्हात राहिला तर त्यात हिस्टामिन साचते. ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होणे, डोके दुखणे, धडधड होणे ही त्याची लक्षणे. दुसरे ‘सिग्वाटेरा’ विष प्रवाळखडकांजवळच्या मोठ्या माशांत असते. सूक्ष्म शैवालातून ते लहान माशांत आणि तिथून मोठ्यांत जाते. रंग, वास, चव यांवरून कळत नाही. पोटाच्या तक्रारींबरोबर ओठांना मुंग्या येणे आणि थंड वस्तू गरम लागणे ही त्याची खूण. किनाऱ्यावर कोणी हौसेने पकडून भाजलेला खडकातला मासा म्हणूनच नाकारावा.

मांसाहार न करणाऱ्यांनाही एक धोका आहे. हवाईत, विशेषतः मोठ्या बेटावर, उंदरांच्या फुप्फुसात वाढणाऱ्या एका कृमीचा संसर्ग आढळतो. त्याच्या अळ्या गोगलगाईंमधून कच्च्या पालेभाजीवर येतात आणि माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतात. रस्त्यालगतच्या स्टॉलवरून घेतलेली पालेभाजी पान-पान वेगळे करून वाहत्या पाण्याखाली धुवावी. शिजवलेली सर्वांत सुरक्षित.

जहाजावर पोट सांभाळताना

दोनशे वर्षांपूर्वीच्या जहाजांनी बेटांवर आजार नेले. आजच्या जहाजांत तो प्रवाशांमध्येच फिरतो. नोरोव्हायरसमुळे होणाऱ्या उलट्या-जुलाबांची साथ जहाजावर झपाट्याने पसरते, कारण हजारो माणसे तेच कठडे, तेच चमचे हाताळत असतात आणि विषाणूचे अगदी थोडे कण संसर्गाला पुरतात. अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर याच्यावर फारसा चालत नाही. साबण आणि वाहत्या पाण्याने वीस सेकंद हात धुणे, हाच उपाय. बुफेतला डाव हाताळून झाल्यावर, जेवायला बसण्याआधी हात धुतले तर उत्तम. त्रास झालाच तर लपवू नये. जहाजाच्या दवाखान्याला कळवावे, जलसंजीवनी घेत राहावे आणि लक्षणे थांबल्यावरही दोन दिवस बुफेपासून दूर राहावे.

परदेशी बंदराला जाणाऱ्या जहाजांची अमेरिकेची सीडीसी ही संस्था तपासणी करते. १०० पैकी ८५ किंवा कमी गुण म्हणजे नापास. हे गुण सर्वांसाठी खुले असतात. आरक्षणाआधी पाहता येतात. गोवराची लस मुलांना आणि ती न घेतलेल्या मोठ्यांना मिळाली आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. ज्येष्ठांनी फ्लूच्या लशीबद्दलही विचारावे.

समुद्र लागणे हा दुसरा त्रास. आतला कान हालचाल सांगतो, डोळ्यांना खोलीच्या भिंती स्थिर दिसतात आणि या विसंगतीतून मळमळ होते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना तो अधिक जाणवतो. माउई आणि मोठे बेट यांमधली खाडी वाऱ्या-लाटांसाठी कुप्रसिद्ध आहे. खोली खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यभागी घ्यावी, तिथे हेलकावे कमी बसतात. क्षितिजाकडे पाहावे, पोट रिकामे ठेवू नये, आले चघळावे. मळमळीच्या अनेक गोळ्यांनी झोप येते. प्रोस्टेट किंवा काचबिंदूचा त्रास असलेल्यांनी त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

औषधे, घड्याळ आणि ऊन

हवाईचे घड्याळ भारताच्या साडेपंधरा तास मागे आहे. पश्चिम किनाऱ्याहून जहाजाने जाताना वाटेत काही रात्री ते एकेक तास मागे केले जाते. इन्शुलिन किंवा ठरावीक वेळी घ्यायच्या गोळ्या असणाऱ्यांनी दिवसवार वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. औषधे मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवावीत आणि सफरीपेक्षा आठवडाभर जास्त न्यावीत. इन्शुलिन विमानाच्या सामानकक्षात टाकू नये, तिथे ते गोठू शकते. विमा घेताना आधीपासूनचे आजार आणि जहाजावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात येतो का, हे वाचूनच सही करावी.

होनोलुलु जवळपास नागपूरच्याच अक्षांशावर आहे. वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही, पण अतिनील किरणे तीव्र असतात. हवाईत २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीला बंदी आहे, कारण ही रसायने प्रवाळांना अपाय करतात. झिंक ऑक्साइडचे मलम, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि टोपी न्यावी. दमेकऱ्यांनी हिलोहून ज्वालामुखी पाहायला जाण्याआधी त्या दिवशीच्या हवेची स्थिती तपासावी. ज्वालामुखीतून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडमुळे दमा उसळतो. इनहेलर खिशातच असावा.

घरून मेतकूट, भाजणी, खाकरा न्यायला हरकत नाही, पण त्याची नोंद अमेरिकेतल्या कस्टम्सच्या तपासणीत करावी. ताजी फळे, भाज्या, बियाणे आणि कढीलिंबाच्या डहाळ्या नेऊ नयेत. बेटांवरची शेती बाहेरून येणाऱ्या किडींमुळे आधीच त्रस्त आहे.

बंदरानुसार बेत

निघण्याआधी दोन दिवस होनोलुलुला पोचले तर शरीर नव्या वेळेला रुळते आणि बिशप म्युझियममध्ये पोई कुटण्याची जुनी दगडी अवजारे पाहता येतात. काहुलुईत बंदरापासून जवळच माउई नुई बोटॅनिकल गार्डन्स आहे. होड्यांतून आलेल्या वनस्पती आणि कालोचे अनेक वाण तिथे मुलांना दाखवता येतात. हिलोच्या शेतकरी बाजारात रताळी, नीरफणस आणि फळे मिळतात. कोनाला जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटीतून उतरावे लागते. गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांनी तो दिवस जहाजावर काढायला हरकत नाही. नाविलीविलीहून तासाभराच्या अंतरावर हानालेईचे खोरे आहे. राज्यातल्या कालोचा मोठा वाटा तिथल्या खाचरांतून येतो आणि दुर्मीळ पाणपक्षीही त्याच पाण्यावर जगतात. वरच्या कठड्यावरून ती पाहताना कोकणातली भातखाचरे आठवतील.

जेवणाचा नियमही असाच साधा ठेवता येतो. दिवसातले एक जेवण जहाजावरचे, हवे ते खाण्याचे. एक बेटावरचे, कंद-पाने-मासे किंवा फळे यांचे. आणि एक अगदी हलके. ताटाचा अर्धा भाग भाज्या-फळांचा. बुफेत आधी एक फेरी फक्त पाहण्याची, दुसरी वाढून घेण्याची. गोड एकच, तेही वाटून. लिफ्टऐवजी जिने, आणि सकाळी डेकवर अर्धा तास चालणे. याला खर्च काही नाही आणि मजाही कमी होत नाही.

वाइआनाएच्या त्या वीस जणांना कोणतेही नवे औषध मिळाले नव्हते. मिळाले ते पणजी-पणजोबांचे ताट. परतल्यावर मंडईत अळकुड्या दिसल्या तर किलोभर घ्याव्यात. उकडून, सोलून, चिंच-गुळाच्या रस्स्यात सोडल्या की चार जणांचे जेवण होते.